फतेगंजातल्या दोन नाताळपेट्या: एक ब्रिटिश, एक अमेरिकन

डिसेंबरात बडोद्यातल्या घरांत ब्रिटनमधल्या लेस्टरची नातवंडं येतात, न्यू जर्सीचीही. नाताळ दोघांचाही, पण ताट वेगळं आणि रीतही वेगळी. फतेगंजातल्या एका बेकरीने हे ओळखून यंदा दोन स्वतंत्र पेट्या काढल्या, याचं मनापासून कौतुक. दोन्ही बिनअंड्याच्या, आणि गुजरातेत दारूबंदी असल्याने ब्रँडी-रमही नाही. कसोटी इथेच लागते.

ब्रिटिश पेटी (१,४५० रुपये) सरस आहे. आत अर्धा किलोचं ख्रिसमस पुडिंग, सहा मिन्स पाय (गोड सारणाच्या छोट्या पेस्ट्री) आणि सहा क्रॅकर (दोन टोकं ओढली की आवाज करत फुटणाऱ्या कागदी नळ्या). पुडिंग भाजत नाहीत, तासन्‌तास वाफवतात. ब्रिटनमध्ये ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या) आदल्या रविवारी, म्हणजे ‘स्टर-अप संडे’ला, घरातला प्रत्येक जण मिश्रण एकदा ढवळतो आणि पुडिंग नाताळपर्यंत मुरतं. मूळ कृतीत गुरांची चरबी असते, इथे गोठवून किसलेलं वनस्पती तूप आहे. ही निवड अचूक. थिजलेले कण उशिरा वितळतात, तोवर पीठ आकार धरतं, कणांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि एवढा सुकामेवा असूनही घास जड लागत नाही.

लेबलवरचं ‘मायक्रोवेव्हमध्ये ३ मिनिटं’ मात्र मानू नका, कडा चिवट होतात. वाडग्याला फॉइल घट्ट बांधा, पातेल्यात निम्म्या उंचीपर्यंत पाणी घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर दीड तास वाफवा. पाणी आटलं तर उकळतंच घाला, गार पाण्याने वाफ मोडते. महिनाभर टिकण्याचा दावाही पटत नाही. ब्रँडी बुरशी रोखते, इथे सुकामेवा संत्र्याच्या रसात भिजवलेला आहे. फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा.

मिन्स पाय म्हणजे खिमा नव्हे. पूर्वी त्यात मांस असे, आता मनुका, सफरचंद, संत्र्याची साल आणि जायफळ-लवंग. सारण उत्तम, पण रसामुळे तळ ओला राहतो. १६० अंशांवर दहा मिनिटं तापवा. ब्रिटिश मुलं फादर ख्रिसमससाठी रात्री हाच पाय ठेवतात, जोडीला शेरी आणि रेनडिअरसाठी गाजर. अमेरिकेत सँटाला दूध आणि कुकीज, म्हणून दुसऱ्या पेटीतल्या बारा कुकीज योग्यच, आणि खुसखुशीतही.

बाकी अमेरिकन पेटीत (१,२५० रुपये) घोळ आहे. क्रॅकर तिथेही कोंबलेत. ही लंडनच्या टॉम स्मिथ या मिठाईवाल्याची १८४० च्या दशकातली कल्पना, ब्रिटनमध्ये जेवणाच्या टेबलावर हवीच. दोघांनी दोन टोकं ओढायची आणि आतला कागदी मुकुट घालून जेवायला बसायचं. अमेरिकेत ही रीत फारशी नाही. शिवाय इथल्या क्रॅकरमध्ये आवाजाची पट्टीच नाही. माहितीपत्रकही तेच ब्रिटिश घातलंय, ‘२६ डिसेंबर, बॉक्सिंग डे, सुट्टी’ असं. अमेरिकेत त्या दिवशी नेहमीची राष्ट्रीय सुट्टी नसते. न्यू जर्सीच्या मुलाला फोन लावाल तर तो कामावर असेल.

जिंजरब्रेडचं (आल्याच्या बिस्किटांचं) घर मुलांना सगळ्यात आवडेल, आणि तेच कोसळतं. जोडायचं आयसिंग खरं तर अंड्याच्या पांढऱ्याने कडक होतं, इथे नुसती पिठीसाखर आणि लिंबू. छप्पर ठेवलं की भिंती सरकतात. त्यापेक्षा चिक्कीसारखा कडक पाक करा: वाटीभर साखर, पाव वाटी पाणी. थेंब गार पाण्यात टाकल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे. कडा त्यात बुडवून वीस सेकंद धरा, आधी चार भिंती, अर्ध्या तासाने छप्पर. पाक भाजतो, हे काम मोठ्यांचं. आयसिंग सजावटीला ठेवा.

एगनॉग या दाट, दुधाळ नाताळपेयाची पूड कॉर्नफ्लोअरवर बेतलेली आहे. गरम दुधात नुसती ढवळली तर कच्चट लागते. थोड्या गार दुधात कालवून मग सगळं मिळून दोन मिनिटं उकळा, वर ताजं जायफळ किसा.

पुडिंगवरची बनवल्याची तारीख २० डिसेंबरच्या पुढची असेल तरच घ्या. क्रॅकर आवाजासाठी हवे असतील तर लेस्टरच्या पाहुण्यांवर विसंबू नका, विमानात ते अनेक कंपन्या नेऊ देत नाहीत.