अपाचे की एनजिनएक्स? नव्या उबुंटू सर्व्हरवर काय टाकायचं

छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय, उबुंटू २४.०४ टाकलंय, आता वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, कुठला? असं विचारलं की लोक लगेच स्पीडवर घसरतात. एनजिनएक्स फास्ट, अपाचे म्हातारं, विषय संपला. आता इगोर सिसोएव्हने २००४ साली एनजिनएक्स बाहेर काढलं ते एकाच मशीनवर एका वेळी दहा हजार कनेक्शन सांभाळता यावीत म्हणूनच, हे खरंय, पण तुमच्या साइटवर एका वेळी पाच-पन्नास माणसं असतील तर हा फरक दुर्बीण लावून शोधावा लागेल. खरी गंमत कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या फायली, उघडल्यावर सुरू होते.

इन्स्टॉलला दोन्हीकडे एपीटीची (उबुंटूची सॉफ्टवेअर टाकायची कमांड) एक ओळ पुरते, सर्व्हिस आपोआप चालू होते. फक्त दोन्ही एकदम टाकू नका, ८० नंबरचा पोर्ट एकालाच मिळतो. एचटीटीपीएससाठी सर्टबॉट (सर्टिफिकेट आणून बसवणारं टूल) दोघांनाही चालतं, त्यामुळे तिथे डोकं लावायला नको.

वर्डप्रेस किंवा असलं काही तयार पीएचपी टाकायचं असेल तर मी सरळ अपाचे म्हणेन. पीएचपीचं मॉड्यूल टाकलं की पान दिसायला लागतं, आणि पर्मालिंकचे (पानांच्या वाचता येतील अशा पत्त्यांचे) नियम वर्डप्रेस स्वतःच डॉट एचटीॲक्सेस, म्हणजे फोल्डरमध्येच ठेवायच्या अपाचेच्या सेटिंगच्या फायलीत लिहून मोकळं होतं. एक खोच आहे. उबुंटूत ही फाइल मानायची की नाही ते ठरवणारं ‘अलाउ ओव्हरराइड’ मुळात ‘नन’ असतं, म्हणून होमपेज मस्त उघडतं आणि आतल्या प्रत्येक पानाला ४०४. ते ‘ऑल’ करा, रीराइट मॉड्यूल चालू करा, मिटलं. तोटा म्हणाल तर या मॉड्यूलमुळे अपाचेची प्रत्येक प्रोसेस पोटात पीएचपी घेऊन फिरते, एक जीबी रॅमवर ते जड जातं, मग पीएचपी-एफपीएमकडे, म्हणजे पीएचपी वेगळ्या सर्व्हिसमध्ये चालवण्याकडे, वळावं लागतं.

एनजिनएक्सवर पीएचपीसाठी सहसा एफपीएमच लावतात. त्याच्या सॉकेटच्या (एनजिनएक्स ज्यातून एफपीएमशी बोलतं ती फाइल) नावात व्हर्जन असतं, २४.०४ वर ८.३, त्यामुळे उद्या पीएचपी अपग्रेड केलं आणि कॉन्फिगमध्ये जुनंच नाव राहिलं की ५०२ बॅड गेटवे. शिवाय अपलोडची मर्यादा न सांगता १ एमबी असते, मोबाइलवरचा साधा फोटो चढवायला गेलात की ४१३ एरर, आणि माणूस उगाच पीएचपीच्या सेटिंगमध्ये शोधत बसतो.

पण नोड (जावास्क्रिप्ट) किंवा जँगोत (पायथन) लिहिलेलं स्वतःचं ॲप असेल तर एनजिनएक्सच घ्या. आलेली विनंती ॲपकडे पुढे ढकलणाऱ्या प्रॉक्सीच्या चार ओळी, कमांडला ‘मायनस टी’ लावून कॉन्फिग तपासायचं, रीलोड करायचं, चालू कनेक्शन तुटत नाहीत. अपाचेतही प्रॉक्सी होते, फक्त मॉड्यूलं आधी चालू करावी लागतात.

चालू साइट अपाचेवरून एनजिनएक्सवर हलवणार असाल तर मात्र जरा थांबा. एनजिनएक्स डॉट एचटीॲक्सेस वाचतच नाही, आणि तक्रारही करत नाही! एखाद्या प्लगइनने बॅकअपचं फोल्डर त्याच फायलीने बंद केलेलं असेल तर ते आता जगाला उघडं. म्हणून हलवण्याआधी फाइंड कमांड मारून अशा सगळ्या फायली शोधा, त्यातले ‘डिनाय’वाले (प्रवेश नाकारणारे) नियम एनजिनएक्सच्या भाषेत लिहा, आणि मग ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत त्या बॅकअपची लिंक टाकून ४०३ (प्रवेश नाही) येतो का ते बघा.