पाण्यातला परजीवी कुणाकडून आला? चाचणी निवडण्याआधी

क्रिप्टोस्पोरिडियम हा दूषित पाण्यातून पोटात जाऊन जुलाब घडवणारा परजीवी. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो ४ ते ६ मायक्रॉनचा, खास रंग लावल्यावर हिरवा चमकणारा गोल ठिपका. तो वासराच्या शेणातला की माणसाच्या विष्ठेतला, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. पाण्यात परजीवी आहे का आणि किती, एवढंच हवं असेल तर ही तपासणी पुरते. मूळ शोधायचं तर जनुकीय चाचणी.

त्यातली पहिली १८एस जनुकाची. ती प्रजाती सांगते, आणि कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात नळाच्या पाण्यातल्या क्रिप्टोस्पोरिडियममुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. संशय गुरांवरही होता, पण रुग्णांच्या नमुन्यांत माणसांतला प्रकार निघाला. २००८ मध्ये इंग्लंडमध्ये सशांतली प्रजाती निघाली आणि जलशुद्धीकरण केंद्राच्या टाकीत खरोखरच ससा सापडला!

पण क्रिप्टोस्पोरिडियमची पार्व्हम ही प्रजाती निघाली की अडलं, कारण ती वासरांतही असते आणि माणसांतही. तिथे जीपी६० जनुकावरून उपप्रकार काढतात. चाचणी बारकाईची, पण पाण्याच्या नमुन्यात ती वारंवार कोरी येते. हिशेब साधा आहे: एका कवचात, म्हणजे त्या एका ठिपक्यात, चार जीव, प्रत्येकात १८एसच्या पाच प्रती, म्हणजे वीस, जीपी६०च्या मात्र चारच. गढूळ पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेला) खीळ घालतात ते वेगळंच. म्हणून नुसत्या पाण्यावर जीपी६० करण्यात मला अर्थ वाटत नाही. रुग्णांची विष्ठा आणि आसपासच्या जनावरांचं शेण सोबत असेल तरच ती करावी.

जिआर्डिया हा पाण्यातला दुसरा परजीवी; जनुकांवरून त्याचे गट पाडतात. त्यात गट ई खूरवाल्या जनावरांचा, सी आणि डी कुत्र्यांचे. ए किंवा बी निघाला तर प्रश्न तिथेच राहतो. ते माणसांतही आढळतात आणि जनावरांतही.

तिसरा पर्याय बॅक्टेरॉइडिस या आतड्यातल्या जिवाणूंच्या जनुकीय खुणांचा. तो लवकर होतो, पण विष्ठा कुणाची हे सांगतो, परजीवी कुणाचा हे नाही. शिवाय क्लोरीनने हे जिवाणू मरतात, क्रिप्टोस्पोरिडियम टिकतो. खूण मिळाली नाही म्हणून गुरं निर्दोष ठरत नाहीत.

आणि सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी फेकू नका. तिच्यावरचा ठिपका खरवडून त्यातूनही डीएनए काढता येतो.