वेबसाईटचं जुनं नाव ठेवावं की नवं घ्यावं? एका संत्रा नर्सरीवाल्याचा अनुभव

आमच्या वरुड-शेंदुरजनाघाट पट्ट्यात संत्र्याच्या कलमांचा धंदा करणाऱ्या दोघा-तिघांनी यंदा मला एकच गोष्ट विचारली: वेबसाईटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, बदलू की आहे तेच राहू देऊ? मी तीन वर्षांपूर्वी बदललं, म्हणून सांगतो.

जुन्या नावाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. संत्र्याचं झाड नीट फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात. कलमं नेलेला शेतकरी मधल्या काळात फारसा फोन करत नाही. मग बागेत डिंक्या रोग दिसला, नाहीतर शेजाऱ्याला झाडं हवी असली, की तो कपाटातून जुनी पावती काढतो. तिच्यावर छापलेला पत्ता चालला नाही, तर आपण धंदा बंद केला असंच त्याला वाटणार. इतक्या उशिरा परतणारं गिऱ्हाईक फार थोड्या धंद्यांत असेल. शिवाय गुगलमध्ये बसलेला जम हलतो. नाव बदलल्यावर महिना-दीड महिना चौकशीचे फोन कमी आल्यासारखे वाटले मला. मोजून ठेवले नाहीत, पण बदल फेब्रुवारीत केला म्हणून निभावलं. पावसाळ्यात, लागवडीच्या दिवसांत, हे जड गेलं असतं.

तरीही बदललं, आणि त्याला कारण एक आडवी रेष. जुना पत्ता असा होता: गावाचं नाव, मग आडवी रेष, मग आडनाव आणि शेवटी नर्सरी. फोनवर स्पेलिंग सांगता सांगता समोरचा थकायचा. "भाऊ, ते रेष मोबाईलवर कुठं असते?" हे तर रोजचंच. कुणी ती खाली टाकायचं, कुणी जागा सोडायचं. एकदा पांढुर्ण्याकडचे एक काका थेट नर्सरीत आले. जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली कलमं हवी होती. म्हणाले, "तुमचं उघडलंच नाही बाप्पा, म्हणून गाडी काढली." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पत्ता बॉलपेनने नीट, एकेक अक्षर सुटं करून लिहिला होता, आणि मधोमध इंग्रजी अक्षरांत 'आडवी रेष' हे शब्दच लिहिले होते. मी सांगितलं तसंच लिहिलं होतं त्यांनी. तो कागद पाहिला त्या दिवशीच माझं ठरलं.

नवं नाव निवडताना शेवटी .भारत असलेल्या नावाचाही विचार केला होता. देवनागरीत २०१४ पासून मिळतं, आणि आपल्या माणसाला वाचायला छानच. पण लिंक पाठवली की काही ठिकाणी मराठी अक्षरांऐवजी 'एक्सएन' ने सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. अनोळखी माणूस त्यावर बोट ठेवायला बिचकतो. म्हणून छोटं, बिनरेषेचं .इन घेतलं, आणि तेच नाव .कॉमलाही घेऊन ठेवलं. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक या ऑनलाईन दुकानाने २०११ मध्ये ओ.को असं छोटं नाव पुढे आणलं, तर लोक सवयीने ओ.कॉम टाकू लागले आणि कंपनीला जाहिरातीत जुन्या नावावर परत यावं लागलं. नाव आखूड केलं तरी बोटांची सवय जात नाही, एवढं त्यावरून मी धरलं.

तुमचा सध्याचा पत्ता फोनवर एका दमात सांगता येत असेल, तर कदाचित बदलायची गरज नाही. दोनदा सांगावा लागत असेल तर माझं मन बदलण्याकडेच झुकतं. फक्त जुन्या पत्त्यावरचं प्रत्येक पान नव्या पत्त्यावरच्या त्याच पानाकडे ३०१ ने, म्हणजे 'पत्ता कायमचा बदलला' असं सांगणाऱ्या वळणाने, वळवून घ्या, सगळं मुखपृष्ठावर ढकलू नका. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे वेबसाईटवाल्यांसाठीच्या गुगलच्या साधनात, पत्ताबदल नोंदवा. हे वळण किमान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं, पण आपल्या धंद्याला वर्ष पुरत नाही. मुदत संपलेलं नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि आपली पावती हातात घेतलेला शेतकरी मग त्याच्या दारात जाईल.

मी जुन्या नावाचं नूतनीकरण एकदम दहा वर्षांचं करून टाकलंय. जुना ईमेलही चालू आहे. नव्या पावतीवर वर नवा पत्ता आहे, आणि खाली बारीक अक्षरांत 'पूर्वीचा पत्ता' म्हणून तो रेषेवाला.