पोटपट्टा, फोनवरचा कोर्स आणि फिजिओ: बाळंतपणानंतरच्या दहा महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी २०२४च्या मार्चमध्ये झाली. नॉर्मल डिलिव्हरी, खाली टाके, बाळ सव्वातीन किलोचं. पुन्हा व्यायामाला लागण्यासाठी मी तीन गोष्टींवर पैसे खर्च केले: एक पोटपट्टा, फोनवरचा तीस दिवसांचा कोर्स आणि फिजिओथेरपीची बारा सत्रं. तिन्ही भरपूर वापरून झाल्यात, म्हणून सविस्तर लिहितेय. पैसे वसूल झाले ते तिसऱ्या गोष्टीत, आणि तीच मला सुरुवातीला कुणी सुचवली नव्हती.

आधी पट्टा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या आजेसासूबाईंच्या मते बाळंतिणीनं सव्वा महिना शेक-शेगडी घ्यावी, तेल लावून घ्यावं आणि जुन्या मऊ नऊवारीनं पोट बांधावं. मी त्याऐवजी वेल्क्रोचा पट्टा आणला, नऊशे रुपयांचा. पहिले दोन आठवडे त्याचा खरंच आधार वाटला. उठता-बसता पोट लोंबतंय असं वाटायचं, ते कमी झालं. माझ्या जाऊबाईंचं सिझेरियन होतं, त्यांना तर खोकताना पट्ट्याशिवाय जमायचंच नाही. पण बडोद्याचा एप्रिल म्हणजे पारा चाळिशीपार. पट्ट्याखाली घामोळं उठलं आणि करकचून आवळला की खाली दाब येऊन जड वाटायला लागलं. पोट आत जावं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. पट्टा आधार देतो, पण स्नायूंचं काम काही करत नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे, दिवसाचे काही तास, श्वास नीट घेता येईल इतपत सैल बांधलेला, एवढाच त्याचा उपयोग मला जाणवला.

सहाव्या आठवड्यात तपासणी झाली. टाके, वजन, बीपी पाहून डॉक्टर म्हणाल्या, सगळं छान आहे, आता व्यायाम करायला हरकत नाही. मी तो हिरवा कंदील धरला. पोटाचे स्नायू किंवा पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, कुणी तपासलेच नव्हते, आणि ते तपासायचे असतात हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग तो कोर्स घेतला. तिसऱ्याच दिवशी क्रंचेस, नवव्या दिवशी नौकासन आणि दोन्ही पाय एकदम वर उचलणं. उताणी पडून डोकं उचललं की बरगड्यांखालून बेंबीपर्यंत पोटाच्या मधोमध उंचवटा यायचा, उलट्या ठेवलेल्या होडीसारखा. मला वाटलं, स्नायू तयार होतोय. मग शिंक आली की लघवीचे दोन थेंब जायला लागले. संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी उतरल्यासारखं जड व्हायचं. थांबलेला रक्तस्राव दोन दिवस पुन्हा दिसला. तरी पंधरा दिवस मी कुणाशी बोलले नाही. शेवटी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, होतंच ते. आम्हालाही व्हायचं, बायका बोलत नाहीत इतकंच." त्या मायेनंच म्हणाल्या, पण त्या वाक्यानं मला फार वाईट वाटलं. त्यांना अजूनही होतं, आणि तीस वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

जूनमध्ये, बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर, ऑफिसातल्या एकीकडून बायकांच्या फिजिओथेरपिस्टचा पत्ता मिळाला. एका सत्राचे सहाशे रुपये. पहिल्या दिवशी त्यांनी व्यायाम दिलाच नाही. पाऊण तास नुसते प्रश्न: शिंकताना काय होतं, पोट साफ होतं का, संबंधांच्या वेळी दुखतं का, झोप किती, हिमोग्लोबिन किती. ते ९.२ निघालं, म्हणजे कमी. डिलिव्हरीनंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, सरकारी कार्यक्रमातही तेच आहे, आणि मी त्या महिन्याभरात सोडून दिल्या होत्या. जिना चढताना लागणारी धाप मी व्यायाम सुटल्याच्या खात्यात टाकत होते. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, गोळीनंतर लगेच चहा घेणं बंद केलं.

मग तपासणी. गुडघे वाकवून उताणं झोपायचं, डोकं किंचित उचलायचं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून दोन उभ्या स्नायूंमधली फट बघायची. माझी तीन बोटांची होती. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. गरोदरपणात पोटाचे हे स्नायू मधल्या पांढऱ्या पडद्यापाशी दूर सरकतात आणि पुष्कळजणींची फट पुढे आपोआप कमी होते. त्या म्हणाल्या, फट किती यापेक्षा त्या जागी दाबल्यावर ताण लागतो का, हे जास्त महत्त्वाचं. माझं बोट आत जात होतं. होडीचं कोडं तिथे सुटलं: पोटातला दाब सांभाळायची ताकद यायच्या आधीच मी क्रंचेस करत होते, म्हणून तो दाब मधल्या फटीतून वर येत होता आणि खालीही ढकलला जात होता.

पेल्विक फ्लोअर म्हणजे पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेली स्नायूंची झोळी. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. 'केगेल करा', म्हणजे हे स्नायू आवळा आणि सोडा, असं हॉस्पिटलच्या कागदावर छापलेलं होतं. अमेरिकेतल्या आर्नल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८मध्ये हा व्यायाम मांडला, त्यांचंच ते नाव. मी दोन महिने तो चुकीचा करत होते. नितंब आवळायचे, श्वास रोखायचा, आणि मला वाटायचं झालं. फिजिओंनी शिकवलं ते असं: वायू सरायचा थांबवतो तसं मागून आत-वर ओढायचं, पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. काही सेकंद धरायचं आणि तितक्याच सावकाश पूर्ण सोडायचं. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मला आवळणं येत होतं, सोडणं येत नव्हतं. एक अख्खा आठवडा फक्त सोडायचा सराव केला. स्नायू आधीच आखडलेले असतील तर नुसतं आवळत राहून त्रास वाढतो, म्हणून एकदा तरी कुणा जाणत्याकडून तपासून घ्या.

पुढचे व्यायाम बघायला अगदी साधे. बरगड्या चहूबाजूंनी फुगतील असा श्वास, टाच जमिनीवरून सरकवणं, मार्जारासन, सेतुबंधासन, खुर्चीवर बसणं-उठणं, नंतर रबरी बँड. नियम एकच: जोर लावताना श्वास सोडायचा. बाळाला पाळण्यातून उचलताना सोडायचा, कुकर उतरवतानाही. जुलैपासून कमाटीबागेत चालायला लागले, दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. निघण्याआधी बाळाला पाजून निघायचं, म्हणजे छाती हलकी राहते. व्यायामानं दूध कमी होईल अशी आजेसासूबाईंना भीती होती. तसं काही झालं नाही.

ऑगस्टच्या शेवटी पूर आला. विश्वामित्री नदी बागेतूनच वाहते, त्यामुळे चालणं बंद. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी, वीज नाही, लिफ्ट नाही, नळ कोरडे. पाणी ओसरल्यावर टँकर आला आणि आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायला लागलो. मी अर्धीच बादली घ्यायचे. पायरीवर पाय, मग श्वास सोडत उचलायची, पुढच्या पायरीवर पुन्हा तसंच. दुसऱ्या मजल्यावर शिंक आली. बादली खाली ठेवून मी तशीच उभी राहिले. काहीच गळलं नव्हतं. त्या अंधाऱ्या जिन्यात मला रडू आलं, आणि नवरा विचारत राहिला, काय झालं, कुठे लागलं का.

नवरात्र ऑक्टोबरमध्ये होतं, बाळ सात महिन्यांचं. बडोद्यात वाढलेल्या बाईला गरबा सोडायला सांगणं सोपं नाही. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९मध्ये बाळंतपणानंतर धावण्याबाबत मार्गदर्शन काढलं. पहिले तीन महिने धावू नका, आणि त्यानंतरही आधी चाचण्या करा, असा त्याचा आशय. माझ्या फिजिओंनी त्याच चाचण्या गरब्यासाठी घेतल्या: अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा बैठका, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, पुढे दहा उड्या, एकेका पायावर दहा लंगड्या. यात कुठेही गळती, जडपणा किंवा दुखणं नको. डावा पाय लंगडीत कच्चा पडला. म्हणून पहिल्या तीन रात्री सोसायटीतच, वीस मिनिटं, दोन टाळ्यांचा साधा गरबा. दोढियुं हा उड्यांचा गरबा नाही खेळायचा. चणियाचं, म्हणजे गरब्याच्या घागऱ्याचं, नाडं बेंबीवर आवळायचं नाही, खाली कमरेवर आणि सैल, ही सूचना त्यांचीच. भरतकामाचा घेर जड असतो आणि नाडं घट्ट बांधलं की पुन्हा तोच पट्ट्याचा दाब. चौथ्या रात्री खाली जरा जड वाटलं, लगेच बसले. नवमीला पाऊण तास खेळले, आणि दुसऱ्या दिवशी काहीही त्रास नव्हता.

कोर्सबद्दल एवढंच म्हणेन की विकणाऱ्यांनी सुरुवातीला चार प्रश्न विचारायला हवे होते. गळती आहे का, जडपणा आहे का, रक्तस्राव वाढतो का, पोटात उंचवटा येतो का. यातल्या एकालाही होय असेल तर तिथेच थांबा आणि दाखवून घ्या. पोटरी सुजून दुखत असेल, एकदम धाप लागत असेल, छातीत दुखत असेल तर फिजिओकडे नाही, सरळ हॉस्पिटलात जा. सिझेरियन असेल तर आणखी सबुरीनं घ्या. बाहेरचा व्रण भरलेला दिसला तरी आतले थर सहा आठवड्यांत पूर्ण ताकदीचे होत नाहीत.

आता जानेवारी. फट दीड बोटांवर आली आहे आणि दाबलं की ताण लागतो. हिमोग्लोबिन ११.८. जॉगिंग अजून सुरू केलेलं नाही, कारण डाव्या पायाची लंगडी आठव्यालाच डगमगते. दिवाळीनंतर सासूबाईही माझ्याबरोबर दोन सत्रांना आल्या. त्यांचं वय एकसष्ट. रोज दुपारी बाळ झोपलं की हॉलमध्ये चटई टाकतात आणि मला हाक मारतात, "चल गं, मोज."