किचन काटा घेतल्यापासूनचा अनुभव: पाकिटावरचं ३० ग्रॅम आणि आमच्या घरातली वाटी

परवा काट्याने डिस्प्लेवर नुसत्या रेघा दाखवायला सुरुवात केली आणि सर्व्हिसवाल्यांशी फोनवर वाद घालून घालून माझा घसा बसला, तेव्हाच ठरवलं की याच्याबद्दल आता सविस्तर लिहायचं. काटा तोच, पाच किलोचा, एक ग्रॅमने मोजणारा, वरती काच, दोन बारीक सेलवर चालणारा, सगळीकडे मिळतो तो. सातशेच्या आत आला. फीचर्स तुम्हाला माहीत आहेत, ते परत लिहीत बसत नाही. कंपनीचं नावपण लिहीत नाही कारण आतला माल सगळ्यांचा सारखाच वाटतोय मला.

घ्यायचं कारण असं की सासूबाईंना शुगर, मिस्टरांना बीपी, आणि डायटिशियन मॅडमनी चार्ट दिला त्यात सगळं ग्रॅममधे. चिवडा-फरसाण खायचंच असेल तर ३० ग्रॅम, पोहे ४० ग्रॅम कोरडे, तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. सासूबाई विचारल्या, "तीस ग्रॅम म्हंजे किती वाट्या गं?" आता हे कुणाला सांगता येतं ओ? वाटी वाटीत फरक असतोय, भरणाऱ्याच्या हातात फरक असतोय. म्हणून काटा मागवला.

आल्या आल्या आधी काटा खरा आहे का बघितलं. दहाची जुनी पिवळ्या कडेची नाणी ७.७१ ग्रॅमची असतात, दहा नाणी ठेवली की ७७ दाखवायला पाहिजे, दाखवलं. मग पातेलं ठेवून शून्य करून एक लिटर पाणी ओतलं, हजाराला दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, तेही जुळलं (तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून लिटर म्हणजे किलो नाही हे किती जणांना माहीत असतं काय माहीत). म्हणजे काट्याबद्दल शंका नाही.

आता माझा पहिला संशय होता की पाकिटात माल कमी भरत असणार. महिनाभर मी घरात येणारं प्रत्येक पाकीट तोलत होते, बिस्किटं, बेसन, चिवडा, रवा, पोराचे कॉर्नफ्लेक्स, रिकामी पिशवी परत तोलून वजा करायची. आणि खरं सांगते, माल पुरा निघाला, बऱ्याच वेळा एक-दोन ग्रॅम जास्तच. वजनमापाच्या २०११ च्या नियमात पाकिटामागे थोडी तूट चालते, म्हणजे ५० ते १०० ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार ग्रॅम, अर्धा ते एक किलोला १५ ग्रॅम, पण तेवढीसुद्धा तूट मला कुठं दिसली नाही. तेव्हा निव्वळ वजनाच्या बाबतीत मी उगाच बोट दाखवणार नाही. माझा राग तिथून उतरला आणि पाकिटाच्या मागच्या कॅलरी-फॅटच्या तक्त्यावर जाऊन बसला.

कारण खरी गोम तिथं आहे, 'पर सर्व्ह' मधे, म्हणजे एका वेळेला एका माणसाने खायचा वाटा धरून दिलेल्या आकड्यात. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) २०२० च्या लेबलच्या नियमात १०० ग्रॅमला किती कॅलरी, किती फॅट, किती साखर, किती सोडियम हे द्यायचं असतं, आणि एका सर्व्हमधून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळतं तेही द्यायचं असतं. दिवसाची गरज धरलेली आहे २००० कॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, २००० मिलिग्रॅम सोडियम. इथपर्यंत चांगलं आहे. पण एक सर्व्ह म्हणजे किती हे कंपनीच ठरवणार. मग कंपनी कशाला मोठी वाटी धरेल?

आमच्याकडे येतो त्या चिवड्याच्या पाकिटाचा हिशोब सांगते. ४०० ग्रॅमचं पाकीट, सर्व्ह ३० ग्रॅम, म्हणजे कागदावर तेरा जणांचा खाऊ. आमच्या घरात माणसं पाच आणि ते पाकीट दोन संध्याकाळच्या चहाला पुरत नाही. काट्यावर ३० ग्रॅम काढून बघितला तर नैवेद्याच्या वाटीत मावेल एवढासा. मग मिस्टरांना म्हटलं तुम्ही रोज घेता तसा घ्या बरं, त्यांनी नेहमीची वाटी भरली, तोलली, ९० ग्रॅम. पाकिटावर सर्व्हला १० ग्रॅम फॅट, दिवसाच्या १५ टक्के. हे वाचून कुणालाही वाटेल की चला, काही फार नाही. पण वाटी तिप्पट आहे, म्हणजे ३० ग्रॅम फॅट, ४५ टक्के, नुसत्या चहाबरोबर, जेवण अजून व्हायचंय. सोडियमपण १२ टक्क्यांवरून ३६ वर. बीपीचा माणूस! त्या दिवसापासून मिस्टर गप झाले आणि वाटी बदलली, हे या काट्याचं मला सगळ्यात मोठं काम वाटतं.

कॉर्नफ्लेक्स सर्व्ह ३० ग्रॅम, पोराचा बाउल ६८. जॅम, सॉस, तूप सगळीकडे हेच.

नणंदेचा मुलगा अमेरिकेतनं पीनट बटरची बाटली घेऊन आला होता, तीपण सोडली नाही मी. त्यावर सर्व्ह दोन टेबलस्पून, ३२ ग्रॅम, १९० कॅलरी. त्याने ब्रेडला लावून घेतलं तेवढं तोललं तर ५४ ग्रॅम, म्हणजे ३२० च्या घरात. तिकडं म्हणे सर्व्ह कंपनीच्या मर्जीवर नाही, लोक एका वेळेला साधारण किती खातात ते बघून सरकारने आकडे ठरवलेत, आणि २०१६ मधे ते बदललेसुद्धा, आइस्क्रीमचा सर्व्ह अर्ध्या कपावरनं दोन तृतीयांश कप केला कारण लोक तेवढं खातातच. आपल्याकडं असं का नसावं? शेवेचा, चिवड्याचा, फरसाणचा सर्व्ह माणूस बशीत घेतो तेवढा धरा ना.

आता आपल्या सोलापूरच्या दोन गोष्टी. शेंगा चटणीच्या पाकिटावर सर्व्ह १० ग्रॅम. १० ग्रॅम चटणी म्हणजे चमच्याच्या टोकावर बसते. कडक भाकरी चुरून वर चटणी आणि कच्चं तेल घेणारा माणूस १० ग्रॅमला थांबतो होय? आमच्याकडे ३५ ग्रॅम चटणी आणि त्यावर १० ग्रॅम तेल निघालं. शेंगदाण्यात जवळजवळ अर्धं तेलच असतं, शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, म्हणजे तोंडीलावण्यातनंच पावणेतीनशे-तीनशे. चटणी वाईट असं मी म्हणत नाही, शेंगदाणा चांगलाच, पण तिला तोंडीलावणं म्हणून हिशोबातनं सोडता येत नाही.

दुसरी कडक भाकरी, आणि इथं माझं मत उलटं झालं. पाकिटावर १०० ग्रॅमला सव्वातीनशेच्या वर कॅलरी वाचून सासूबाईंची कडक भाकरी मी बंद करणार होते, कारण तव्यावरच्या मऊ भाकरीचा आकडा सव्वादोनशेसुद्धा येत नव्हता. मग एक दिवस नीट करून बघितलं. ८० ग्रॅम ज्वारीचं पीठ तोलून घेतलं, पाणी घालून मळून थापली, तव्यावरनं उतरली तेव्हा भाकरी १२५ ग्रॅम. तीच भाकरी वाळवून कडक केली, दुसऱ्या दिवशी ८२ ग्रॅम. पीठ तेवढंच, कॅलरी त्याच, साधारण पावणेतीनशे, फक्त ४३ ग्रॅम पाणी उडालं. म्हणजे वाळली की १०० ग्रॅमचा आकडा आपोआप वर जातो, भाकरीचं पोषण काही बदलत नाही. फक्त पातळ आणि कुरकुरीत असल्यामुळं तीन कधी खाल्ल्या कळत नाही, म्हणून ग्रॅम सोडून पीठ मोजायला लागले. भाताचं, पोह्याचं, ओट्सचंपण तसंच, पाकिटावरचा आकडा कोरड्याचा असतो आणि आपण ताटात शिजलेलं तोलतो, तो घोळ करू नका.

तेल बघून मात्र मला खरंच धक्का बसला. टेबलस्पून म्हणजे १५ मिली, जेमतेम १४ ग्रॅम. आमची फोडणीची पळी ३० ग्रॅमची निघाली! तेलाचा डबा सकाळी तोलला, रात्री तोलला, पाच माणसांत १२० ग्रॅम कमी. मॅडमच्या हिशोबाने ७५ पाहिजे. आता फोडणीला छोटी पळी आहे, भाजीची चव जशीच्या तशी आहे, आणि महिन्याला तेलाचे पैसे वाचतात ते वेगळे, काट्याची किंमत त्यातच सुटली.

आता काट्याचा एक मोठा दोष. ऑटो ऑफ! दोन मिनिटं हात लावला नाही की बंद. आणि बंद झाला की टेअर गेलं, म्हणजे कढईचं वजन शून्य केलेलं विसरला, परत चालू केला की कढईसकट आकडा. स्वयंपाकघरात दोन मिनिटांत काय होतं सांगा? मोहरी तडतडते, दूध वर येतं, दारावर भाजीवाला ओरडतो. परत येऊन बघावं तर काळी काच. अर्धं पीठ घातलेलं, अर्धं राहिलेलं, आणि आता किती घातलं होतं? सेल वाचतो म्हणे. सेलचा जोड किती रुपयाला येतो आणि माझा वेळ किती रुपयाचा? हे बनवणाऱ्यांनी ओट्यापाशी उभं राहून एक वेळचा स्वयंपाक केलेला नाही हे मी लिहून देते. पाच मिनिटं तरी द्यायला पाहिजेत.

यावर मी काढलेला उपाय सांगते. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत आहेच, तर मी नेहमीची कढई, दोन पातेली, परात आणि डबा घेऊन मधला मारुतीजवळ भांड्याच्या दुकानात गेले आणि नावाच्या खाली रिकाम्या भांड्याचं वजन घालून घेतलं. कढई ६४२, परात ८१५ असं. नाव घालणारा दोनदा विचारला, "ताई, आकडाच घालायचा का नक्की?" आता काटा बंद पडू दे नाहीतर काही होऊ दे, पूर्ण वजनातनं आकडा वजा केला की झालं. गॅसवरनं उतरवलेल्या आमटीचं वजनसुद्धा कळतं (गरम भांडं काचेवर थेट ठेवू नका, खाली लाकडी पाट ठेवून तो आधी शून्य करा).

मिठासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. चिमूट चिमूट मीठ टाकत गेलं तर हे काटे शून्यावरच राहतात, कारण हळूहळू वाढणारं बारीक वजन ते शून्यच धरतात. त्यापेक्षा मिठाचा डबा ठेवून शून्य करायचं आणि चमच्याने काढायचं, वजा आकडा दिसतो तेवढं गेलं. दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ पुरे म्हणतात, आमच्या पाच जणांच्या स्वयंपाकात ३८ जात होतं, पापड-लोणचं सोडून.

आता सर्व्हिस. डिस्प्लेवर रेघा आल्या, फोन केला तर बिलाचा फोटो, बॉक्सचा फोटो, उलटा करून फोटो, आणि शेवटी 'लिक्विड डॅमेज आहे मॅडम, वॉरंटीत बसत नाही'. अहो, किचनचा काटा किचनमधेच राहणार ना, पीठ आणि पाणी तिथं नाही तर कुठं असणार? अर्ध्या किमतीत नवीन देतो म्हणाले, मी नाही म्हटलं. नवी पेठेत घड्याळं-रिमोट दुरुस्त करणाऱ्याकडे नेला, त्याने उघडून दाखवलं, आत पाण्याचा टिपूस नाही, सेलच्या पत्र्यावर गंज होता. घासून दिला, पन्नास रुपये. नाणी ठेवली, ७७.

तर पाचपैकी साडेतीन. अर्धा सर्व्हिसचा कापला, एक पूर्ण ऑटो ऑफचा. शुगर-बीपीवालं घरात कुणी असेल तर घ्याच, आणि पाकिटावरचा सर्व्हचा रकाना सोडून १०० ग्रॅमचा वाचा, आपली वाटी एकदा तोलून तेवढ्या ग्रॅमने गुणा आणि शंभराने भागा. दुकानात जाऊन घेणार असाल तर सेल घालून चालू करायला लावा, हात न लावता उभे रहा, आणि किती वेळात बंद पडतो ते बघूनच पैसे द्या.