बडोद्याच्या कारेलीबागेतलं थेरपी सेंटर: चार स्टार, एक रॅम्पचा कापला

मुलाला सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही, वय सहा. दीड वर्ष झालं आम्ही रावपुऱ्याहून रिक्षा करून इथे येतोय. एक हॉल अन् दोन खोल्या, बस. फिजिओ रोज, स्पीचवाल्या बेन आठवड्यातून दोनदाच येतात, हे कमी पडतं, खरंच पडतं. पण फी परवडते, आणि दोन दिवस नाही गेलो तर यांचाच फोन येतो, का नाही आलात म्हणून.

याआधी एका मोठ्या संस्थेत होतो, नाव नको. तिथे परदेशातून मदत आली म्हणून एका रविवारी बॅनर, हार, भाषणं, आणि सगळ्या पोरांना एकाच मापाच्या व्हीलचेअरी. माझ्या लेकाचे पाय फूटरेस्टला टेकेनात, पाठ घसरतेय, मी म्हटलं अहो माप तरी घ्या, तर म्हणे ताई आधी फोटो होऊ दे. डब्ल्यूएचओने 2008 सालीच सांगून ठेवलंय की खुर्ची माणसाच्या मापाने बसवायची, पुढे दुरुस्तीचीही सोय हवी, नुसती वाटून मोकळं व्हायचं नाही. असो. खुर्ची बाल्कनीत आहे, सासूबाई तिच्यावर पापड वाळवतात.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात इंग्लंडच्या एका चॅरिटीच्या दोघी जणी हे सेंटर बघायला येणार कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं, म्हटलं झालं, आता इथेही हार. तसं काही झालं नाही हो. आल्या, चपला काढल्या, कोपऱ्यात सतरंजीवर तासभर गप्प बसून राहिल्या. मग आम्हा पालकांना वेगळ्या खोलीत घेतलं, सेंटरचं कुणी नाही, आणि विचारायला लागल्या की मूल रडायला लागलं तर थेरपिस्ट काय करते, संडासला कोण नेतं, तक्रार असेल तर कुणाला सांगता. मी हिंदीत, शेजारच्या बेन गुजरातीत, दुभाष्या पोरगा घामाघूम. नंतर रजिस्टर मागितलं, तेही येणाऱ्या मुलांचं नाही, सोडून गेलेल्यांचं! आमच्या मॅडमनी काही लपवलं नाही, नऊ नावं दाखवली, त्यातल्या सहांपुढे लिहिलेलं 'रिक्षाभाडं'. निघताना एकीने पर्समधून टेप काढून रॅम्प मोजला. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, आमच्याकडे जेमतेम सहा.

सेंटर त्यांना आवडलेलं, चेहऱ्यावर दिसत होतं. पैसा मात्र अजून आलेला नाही. मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे म्हणून यातली गोम कळते. परदेशी पैसा घ्यायला एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं, त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि तेवढ्यात कामावर 15 लाख खर्च झालेले हवेत, इथे महिन्याचं भाडं ओढूनताणून निघतं. आधी निदान मोठी संस्था पैसा घेऊन नियमात राहून दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकायची, 2020 च्या दुरुस्तीने तेही बंद, ज्याने घेतला त्यानेच वापरायचा. खातंसुद्धा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचलाच उघडायचं. गैरव्यवहार थांबायला नियम हवेत हे मला मान्य, पण बाहेरच्यांनी पार्टनर कितीही नीट पारखला तरी शेवटी निवड कागद ज्याचे पक्के त्याचीच, मग खुर्ची मापाची असो नसो. राहिली ती एकाच देणगीपुरती सरकारची पूर्वपरवानगी, तिचा अर्ज केलाय, मॅडम रोज पोर्टल उघडून बघतात.

मूल कुठेही घालायचं असेल तर आधी त्या दोघींसारखं तासभर कोपऱ्यात बसून बघा, आणि सोडून कोण गेलं ते विचाराच. इथे बसू देतात, मी आल्यापासून कुणाला नाही म्हटलेलं नाही.

रॅम्प अजून तसाच, घरमालक अंगण फोडू देत नाही. मी मागून धरते, रिक्षावाले काका पुढून ओढतात. पावसात तर फारच जपून, फरशी गुळगुळीत आहे. आणि दहाच्या आत पोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.