देवणी गाय आणि गुलाबी बोंडअळी: निवड कोणाची?

उत्क्रांती समजून घ्यायला डार्विनने पाहिलेल्या गॅलापागोस बेटांवर जायची गरज नाही. लातूर-नांदेडचा गोठा आणि परभणीचं कापसाचं रान पुरेसं आहे.

गोठ्यात निवड माणसाची. कंधारची लालकंधारी गडद तांबडी, देवणी पांढरी-काळी. देवणीतही वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगभेद. पिढ्यान्‌पिढ्या वळू पारखून घेतला, नको तो बाजूला काढला, म्हणून ही रूपं टिकली. काम संथ, कारण कालवड गाभण राहून वेत व्हायलाच तीन-चार वर्षं जातात.

कापसाचं बोंड आतून खाणाऱ्या बोंडअळीला एवढा दम नाही. तिची पिढी साधारण महिन्याभराची. बीटी कापूस, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्यामुळे अळी मारणारं विष स्वतःच तयार करणारा कापूस, आपल्याकडे 2002 मध्ये आला, अशी दोन जनुकं असलेलं वाण 2006 मध्ये. विष पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या आधीपासूनच होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि त्यांचाच वंश वाढला. ‘अळीला सवय झाली’ असं पारावर ऐकू येतं, ते चूक. एकेक अळी बदलली नाही, बदलली ती जमात. 2017 ला बोंडं फोडली तर आत किडकी सरकी.

सभोवती बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या, म्हणजे साध्या अळ्याही जगतील आणि संकरातून प्रतिकार पातळ होईल, असा हिशेब होता. त्या ओळी किती जणांनी लावल्या? वर फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन तेच पीक पुढे चालू ठेवलं. अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवणाची सोय.

मला विचाराल तर शिकवायला बोंडअळीच बरी. गाय मात्र दिसायला देखणी.